दोन बोटं जागा

"दाजी, हा उतार नाही, हा घाट आहे," असं माझा मेहुणा अवधूत गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाला, आणि कमरेवर हात ठेवून आमच्या फाटकापासून पोर्चपर्यंत बघत राहिला. अवधूत साताऱ्याचा. तिथले रस्ते एकतर चढतात नाहीतर उतरतात, तिसरा प्रकार त्यांच्याकडे नाही. अशा गावच्या माणसाने सांगलीसारख्या सपाट गावात येऊन माझ्याच घराला घाट म्हणावं, हे मला काही आवडलं नाही. पण तो पाहुणा होता आणि गाडी त्याची होती, म्हणून मी चहा टाकायला आत गेलो.

दोष कुणाचा म्हणाल, तर माझ्या वडिलांचा. त्यांनी लहानपणी कृष्णेचं पाणी घराच्या उंबऱ्याला लागलेलं पाहिलं होतं आणि ते शेवटपर्यंत विसरले नाहीत. नवं घर बांधताना त्यांनी जोतं रस्त्यापासून तीन फूट उचललं. पुढे पोर्च केला तोही त्याच उंचीवर. रस्ता खाली, पोर्च वर, मध्ये पंधरा फुटांचा सिमेंटचा चढ. वडिलांकडे सायकल होती आणि सायकल माणूस हातात धरून चढवतो. माझ्याकडे स्कूटर होती, तिला लांबून वेग दिला की ती चढायची. चारचाकी आमच्या खानदानात येईल असं वडिलांना वाटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं नव्हतं.

गाडी लांब, पांढरी आणि अगदी बसकी होती. बाहेरून बघताना ती उभी आहे की टेकली आहे ते चटकन कळायचं नाही. अवधूतने हौसेने जुनी विकत घेतली होती. "ताईला मिरजेला रिक्षातून न्यायचं नाही," तो म्हणाला. "गाडी इथे ठेवतो. पुढची सीट मागे झोपते, ताई आरामात जाईल. तुम्ही चालवायला शिका." एवढं बोलून त्याने किल्ली माझ्या हातात दिली, कंदी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि एसटीने साताऱ्याला निघून गेला.

ताई म्हणजे माझी बायको, चारुलता. शहाण्णव सालच्या श्रावणात तिच्या मणक्यात कॅन्सर सापडला. दर दुसऱ्या मंगळवारी मिरजेला न्यायचं, सलाईनमधून औषध चढवायचं आणि संध्याकाळच्या आत परत आणायचं, असं ठरलं. पाठीला धक्का लागू द्यायचा नाही, हे डॉक्टरांनी मला तीनदा बजावलं. पहिल्या दोन खेपा आम्ही रिक्षाने केल्या. त्यांचं वर्णन करत नाही. अवधूतने त्यातली एक खेप पाहिली आणि पुढच्या आठवड्यात गाडी आणली.

मी चौपन्नाव्या वर्षी गाडी शिकलो. पाटबंधारे खात्यात सत्तावीस वर्षं फायली पुढे ढकलल्यामुळे मला कुठलीही वस्तू पुढे नेण्याचा अनुभव आहे असं मी समजत होतो, तो समज पहिल्या चार दिवसांत गेला. पण शिकलो. मिरजेचा रस्ता तोंडपाठ झाला, कुठे खड्डा, कुठे म्हशी, कुठे ऊस भरलेल्या बैलगाड्या, सगळं. भाद्रपदातल्या एका मंगळवारी मी चारुलताला एकही हिसका न देता नेलं आणि एकही हिसका न देता फाटकापर्यंत परत आणलं. मनात स्वतःची पाठ थोपटली आणि गाडी चढाला लावली.

मग तो आवाज झाला. चढ संपून पोर्चची फरशी जिथे सुरू होते, त्या कडेला गाडीचं पोट टेकलं. पुढची चाकं पोर्चमध्ये, मागची चढावर, आणि मधलं सगळं लोखंड वडिलांच्या सिमेंटवर. आवाजाचं सोडा, तो गाडीचा होता. धक्का मात्र सीटमधून चारुलताच्या पाठीत गेला. तिने डोळे मिटले आणि दाराची मूठ धरून ठेवली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आलं का घर?"

आवाजाने शेजारी बाहेर आले. आमच्या उजवीकडे नानासो राहतात. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांनी तीस वर्षं काढली, उसाची भरलेली गाडी आणि रिकामी गाडी यांच्या वजाबाकीवर त्यांचं आयुष्य गेलं. त्यांची बायको मनुबाई अंगापिंडाने भरलेली आणि मनाने त्याहून. त्या पहिल्या दिवसापासून चारुलताबरोबर मिरजेला यायच्या, तिची पिशवी सांभाळायच्या, उलटी झाली तर धरायच्या. त्या दिवशीही त्या मागच्या सीटवर होत्या.

"खुर्चीत बसवून आत न्या की वैनीस्नी," नानासो म्हणाले. "चौघं जण धरतो. पाच मिन्टाचं काम हाय."

सूचना अगदी बरोबर होती. मला ती आधी सुचली नाही याचं वाईट वाटत होतं तेवढ्यात चारुलता सीटवरूनच म्हणाली, "नानासो, चार माणसांनी मला उचलायची वेळ अजून आली नाही. मी माझ्या घरात बसून जाणार. गाडी आत जाईल तशी जाऊ दे."

चारुलता एकदा बोलली की आमच्या घरात ठराव मंजूर होतो, हे नानासोंनाही माहीत होतं. तेव्हापासून एकच काम उरलं. तिला पाठीत धक्का न लागता गाडी त्या चढावरून पोर्चमध्ये न्यायची. रात्रंदिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. खरं तर दुसरं बरंच काही होतं, पण त्याचं मला काही करता येण्यासारखं नव्हतं. चढाचं काहीतरी करता येईल असं वाटत होतं.

पहिला उपाय फळ्यांचा. मी लाकडाच्या वखारीतून दोन जाड फळ्या आणल्या आणि चाकांखाली येतील अशा कडेला घातल्या, म्हणजे गाडी दोन इंच उचलली जाईल. रविवारी सकाळी रिकाम्या गाडीवर तालीम केली. डावी फळी चांगली वागली. उजवी फळी चाकाखालून निसटली, उभी राहिली आणि मनुबाईंच्या कुंपणावर वाळत घातलेल्या कुरडयांवर जाऊन पडली. त्या संध्याकाळी त्यांच्याकडून आमच्याकडे एका ताटात कुरडयांचा चुरा आला, तळून.

दुसरा उपाय गल्लीने सुचवला. गल्लीतल्या प्रत्येक पुरुषाला माझ्या चढाबद्दल मत होतं, आणि ज्यांच्याकडे गाडी नव्हती त्यांची मतं जास्त पक्की होती. कुणी म्हणालं तिरकी घ्या. तिरकी घ्यायला फाटक अरुंद पडलं आणि खांबाचा कोपरा गेला. कुणी म्हणालं उलटी घ्या. उलटी घेताना मी आरशात बघत होतो, आरशात नानासो हात हलवत होते, आणि ते "या" म्हणतायत की "थांबा" म्हणतायत हे ठरवेपर्यंत मागचा दिवा जास्वंदीत शिरला. कुणी म्हणालं टायरमध्ये हवा जास्त भरा. भरली. गाडी एक सूत उचलली गेली आणि मिरजेच्या रस्त्यावर इतकी उडायला लागली, की चारुलता म्हणाली, "यापेक्षा रिक्षा बरी होती." हवा काढली.

मग गवंडी आणायचं ठरलं. आकाराम गवंड्याने चढ पाहिला, कडेवर टाचेने दोनदा ठोकलं आणि तोंडातलं पान बाजूला सारलं.

"ह्यो माथा तासाय लागतोय," तो म्हणाला. "आन् खालनं चढ लांब काढाय लागतोय. रस्त्यात दोन फूट. गटारीवरनं."

"करा मग," मी म्हणालो.

"आवं, गटार काय माज्या बापाची हाय? कागद आणा."

गटार ज्या कचेरीच्या ताब्यात आहे तिचं नाव मी घेत नाही, कारण घराचा उतारा अजून तिथूनच आणावा लागतो. मी स्वतः सरकारी माणूस. अर्जावर कुठे काय लिहिलं की तो अडतो हे मला माहीत. त्यामुळे मी असा अर्ज लिहिला की त्याला अडायला जागा नव्हती. खिडकीतल्या कारकुनाने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "आमच्याकडे गटारीवर पायरी बांधायचा नमुना आहे. चढाचा नमुना नाही."

"मग पायरी म्हणून द्या."

"पायरीला उंचीची मर्यादा नऊ इंच. तुमची तीन फूट आहे."

मी त्याच्याकडे बघितलं. सत्तावीस वर्षं मी खिडकीच्या त्या बाजूला बसून लोकांना असंच शांतपणे सांगत आलो होतो, आणि लोक माझ्याकडे असंच बघत असणार. मी त्याला चारुलताचं सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. तो बिचारा खरंच हळहळला. त्याच्या मावशीलाही तेच झालं होतं म्हणाला. मग त्याने अर्जावर 'सहानुभूतीने विचार व्हावा' असा शेरा मारला आणि अर्ज वर पाठवला. तो शेरा मी स्वतः असंख्य अर्जांवर मारलेला आहे, त्यामुळे अर्ज आता परत येणार नाही हे मला कळलं.

गटार राहिली. निदान माथा तासू म्हणून आकाराम छिन्नी-हातोडा घेऊन आला. वडिलांनी आत काय घातलं होतं देव जाणे. पहिल्या दिवशी छिन्नी बोथट झाली, दुसऱ्या दिवशी दुसरी छिन्नी, तिसऱ्या दिवशी आकारामचं मनगट सुजलं. तीन दिवसांत दीड इंच निघालं. जाताना तो भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे बघून म्हणाला, "लय वाईट माणूस," आणि त्यात इतका आदर होता की मला राग आला नाही.

पुढच्या मंगळवारी गाडी तरीही लागली. आधी दाणकन आदळायची, आता खरवडत गेली. चारुलताने मूठ धरली होतीच. पण या वेळी तिने डोळे उघडे ठेवले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आधीपेक्षा बरं आहे हो." माझ्या चेहऱ्याकडे बघून तिला ते म्हणावं लागलं, हे मला समजलं.

इथून नानासोंनी सूत्रं हातात घेतली. इतके दिवस ते सूचना करत होते, आता त्यांनी चटई आणली. गाडी आली की ते चटईवर पालथे झोपायचे आणि पोटाखालून बघायचे. "गंगाधरपंत," उठून धूळ झाडत ते म्हणाले, "चढाला काय झालं न्हाई. वजनाचं काम हाय. भरलेली गाडी बसती, रिकामी उठती. वजन कमी करा, गाडी आपसूक वर येती."

त्यांनी खिशातून निळा खडू काढला आणि पोर्चच्या भिंतीवर रकाना आखला. गाडीत कोण कोण, कुणाचं किती. मनुबाई म्हणाल्या, "मी फाटकापाशी उतरते, माजं लिवू नका," आणि विषय संपवला. चारुलताने आतून आवाज दिला, "माझं अठ्ठावन्न." दोन वर्षांपूर्वी भाच्याच्या मुंजीला साताऱ्याला जाताना मिरज स्टेशनवरच्या काट्यावर तिने नाणं टाकलं होतं. त्याचं तिकीट तिने कपाटाच्या आरशाला खोचून ठेवलं होतं. एका बाजूला अठ्ठावन्न किलो, दुसऱ्या बाजूला 'प्रवास सुखाचा होईल' असं भविष्य. नानासोंनी अठ्ठावन्न लिहिलं. बाईमाणसाला वजन पुन्हा विचारायचं नसतं, म्हणून कुणी विचारलं नाही. ते आकडे अजून आहेत. त्यानंतर दोनदा चुना मारून घेतला, दोन्ही वेळा तेवढी जागा सोडायला लावली.

राहिलो मी. मला माझं वजन माहीत नव्हतं, सुखी माणसाला ते माहीत नसतं. नानासो मला त्यांच्या ओळखीच्या हळदीच्या अडतीवर घेऊन गेले. तिथे पोती मोजायचा मोठा काटा होता. दोन हमालांनी काट्यावरचं पोतं उतरवलं आणि मला त्या जागी बसायला सांगितलं. अडत्याने चष्मा वर करून काटा बघितला आणि सवयीने मोठ्यांदा पुकारलं, "एक्क्याऐंशी." सगळ्या अडतीने माझ्याकडे पाहिलं.

"एक्क्याऐंशी," नानासो हळूच म्हणाले. "गंगाधरपंत, दोष तुमच्यातच हाय."

मी घरी आलो तो पाठीमागून पूर्ण पिवळा. चारुलता खाटेवर टेकून बसली होती. मी वळलो आणि तिला ते दिसलं. ती हसायला लागली. पाठीत कळ येत होती तरी थांबेना. "या वयात हळद लावून आलात," ती म्हणाली, "निदान विचारायचं तरी होतं." इतकं हसलेलं मी तिला त्या वर्षात पाहिलं नव्हतं. पुढेही पाहिलं नाही. ती पँट मी धुवायला टाकली नाही, हे इथे सांगून टाकतो.

नानासोंचं म्हणणं असं, की गाडी एखाद्या हलक्या माणसाने चालवावी. त्यांच्या मते ते स्वतः त्रेपन्न किलो होते. मला हे मान्य नव्हतं. चारुलताला घरी मी आणणार. गाडी मेहुण्याने माझ्या हातात दिली होती, आणि त्याहून मोठं म्हणजे चारुलता माझ्या शेजारी बसायची आणि वाटेत माझ्याशी बोलायची. म्हणून मी दुसरा मार्ग धरला, वजन उतरवायचा. रात्रीचं जेवण सोडलं. भात सोडला. पहाटे कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जाऊन यायला लागलो. अवधूत दर महिन्याला कंदी पेढे आणायचा, ते तसेच डब्यात राहायला लागले. चारुलताला गोडाचा वास सहन होत नव्हता आणि मी व्रतावर होतो. एकदा ती म्हणाली, "एक खा हो, मला बरं वाटेल बघून." मी म्हणालो, "आधी गाडी वर जाऊ दे."

दिवाळीपर्यंत भिंतीवर माझ्या नावापुढे एक्क्याऐंशी खोडून एकोणऐंशी, मग सत्त्याहत्तर झालं. नानासो दर रविवारी मला अडतीवर नेऊन खात्री करायचे. अठ्ठावन्न मात्र अठ्ठावन्नच राहिलं.

आता एक अडचण उरली होती, ती मनुबाईंची. आजारी माणूस दवाखान्यातून आलं की उंबरा ओलांडायच्या आधी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, हे त्या एकाही खेपेला चुकवत नव्हत्या. जाण्याआधीच त्या भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या फाटकाजवळच्या कोनाड्यात ठेवायच्या. गाडी आली की फाटकाशी थांबवायची, मनुबाई उतरणार, चारुलताच्या खिडकीतून तीनदा ओवाळणार, तुकडा रस्त्यात टाकणार, डोळ्याला पाणी लावणार, मग गाडी हलायची. नानासोंच्या मते सगळं बिघडत होतं ते इथेच.

"थांबलेली गाडी उचलताना मागनं बसती," ते म्हणायचे. "लांबनं चालत आली पायजे. तू मदीच थांबीवतीस."

"भाकरतुकडा उतरल्याबगार बाईला आत न्ह्यायची न्हाई," मनुबाई म्हणायच्या. "मग तुमचा काटा ऱ्हाऊ द्या हिकडं."

नवराबायकोचं हे भांडण तीन खेपा चाललं. शेवटी तडजोड अशी झाली, की गाडी थांबणार नाही, हळू होईल, आणि मनुबाई कोपऱ्यावरच उतरून, आधी पुढे जाऊन, चालत्या गाडीवरून ओवाळतील. त्या मंगळवारी मी गाडी हळू केली. मनुबाई खिडकीबरोबर चालल्या, मग पळाल्या. एकदा ओवाळलं, दुसऱ्यांदा ओवाळलं, तिसऱ्या वेळी तांब्यातलं पाणी काचेवर आलं आणि मला पुढचं दिसेना. भाकरीचा तुकडा बॉनेटवर पडला. गल्लीतल्या कुत्र्याला भाकरतुकड्याचा वार पाठ झाला होता. ते बॉनेटवर चढलं. अशा रीतीने आम्ही चौघं, मी, चारुलता, तुकडा आणि कुत्रं, चढ चढलो आणि माथ्यावर खरवडलो.

"कुत्र्याचं वजन धरलं नव्हतं," नानासो चटईवरून म्हणाले.

चारुलता तेव्हाही हसली, पण आवाज झाला नाही. मी गाडीखाली वाकून किती लागलं ते बघायला गेलो. करंगळीची जाडी, बस. तेवढं राहिलं होतं. संक्रांतीनंतरच्या खेपेलाही तेवढंच, कदाचित थोडं कमी. मी नानासोंच्या शेजारी चटईवर पालथा होऊन ते बघत होतो. सहा महिने मी गाडीच्या पोटाखाली बघत होतो, हे मला आता लिहिताना कळतंय. वर सीटवर कोण बसलंय त्याच्याकडे मी तेवढं नीट बघितलं नाही. बघितलं असतं तर काय दिसेल याची मला भीती होती, म्हणून मी खाली बघत राहिलो.

माघातल्या मंगळवारी मिरजेला डॉक्टर नेहमीपेक्षा बराच वेळ तिच्याशी गप्पा मारत बसले. मग मला बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, आता पुढच्या खेपेला आणायची गरज नाही, घरीच ठेवा, दुखणार नाही एवढं औषध देतो. मी "बरं" म्हणालो. खिडकीवरचा कारकून म्हणतो तसं.

परत येताना चारुलता बाहेर बघत होती. उसाच्या गाड्या कारखान्याकडे चालल्या होत्या. हळदीचा वास येत होता. अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, "आज गाडी घाईने नेऊ नका." मी नेली नाही. सगळी वाट आम्ही सायकलच्या वेगाने आलो. मागे मनुबाईंनी पिशवी उराशी धरली होती, त्यांनाही कळलं असावं.

फाटकाशी मी गाडी पूर्ण थांबवली. इंजिनही बंद केलं. नानासो चटई घेऊन तयार होते, ते काहीतरी म्हणणार होते, पण मनुबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनी तोंड मिटलं. मनुबाईंनी सावकाश ओवाळलं, तीनदा, मग काय वाटलं त्यांना, आणखी दोनदा. तुकडा कुत्र्याला टाकला. चारुलताच्या डोळ्यांना पाणी लावलं, मग त्याच हाताने स्वतःच्या.

मी इंजिन चालू केलं. थांबलेली गाडी, वेग नाही, फळ्या नाहीत, काही नाही. पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. पुढची चाकं माथ्यावर गेली. मी दात आवळले. चारुलताने मूठ धरली. गाडी वर आली, सरळ झाली आणि पोर्चमध्ये जाऊन उभी राहिली. आवाज झालाच नाही. आम्ही दोघंही काही वेळ त्या आवाजाची वाट बघत बसलो.

"दोन बोटं," चटईवरून नानासो ओरडले. "गंगाधरपंत, दोन बोटं जागा ऱ्हायली." त्यांनी मला दोन बोटं आडवी धरून दाखवली. गल्लीतले चारदोन जण फाटकाशी जमले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही उतरलो तेव्हा हसत होतो. खरंच हसत होतो. मला वाटलं, जमलं.

नानासो सवयीने खडू काढून भिंतीपाशी गेले. "तुमचं आज किती?"

"रविवारी सत्त्याहत्तर होतं. दिवाळीपासून तेवढंच."

"हवा?"

"नेहमीचीच."

ते भिंतीकडे बघत राहिले. काहीच बदललं नव्हतं आणि दोन बोटं जागा झाली होती. तीस वर्षं वजाबाकी केलेल्या माणसाला ते खटकलं. त्यांनी मनुबाईंच्या हातातली दवाखान्याची पिशवी घेतली, फाइल उघडली आणि वरचा कागद वाचला. मग फाइल माझ्या हातात दिली. आजच्या तारखेपुढे वजन लिहिलं होतं. छत्तीस. त्याच्या आधीच्या मंगळवारी चाळीस. त्याआधी चव्वेचाळीस. मागे मागे जात पहिल्या कागदावर अठ्ठावन्न. दर खेपेला तिथे कुणीतरी तिला काट्यावर उभं करत होतं आणि लिहून ठेवत होतं, आणि मी तेव्हा बाहेर गाडीला सावली शोधत होतो.

नानासोंनी खडू खिशात ठेवला. भिंतीवर काही लिहिलं नाही. "वैनीस्नी आत घ्या, ऊन लागतंय," एवढंच म्हणाले, आणि चटई गुंडाळायला वळले. पोर्चमध्ये ऊन येत नाही.

चारुलता सीटवर मागे टेकून माझी वाट बघत होती. तिचा चेहरा उजळला होता. "आज नाही लागली," ती म्हणाली. "बघा, मी म्हणत नव्हते? माझ्या घरात बसूनच आले की नाही?"

"आलीस," मी म्हणालो.

"तुम्ही केलंत. सहा महिने जेवला नाहीत नीट." तिने माझा हात धरला. हातात काही उरलं नव्हतं, पण पकड तीच होती. "सगळ्यांना पेढे द्या. अवधूतचे आहेत ना डब्यात, ते काढा. तोंड गोड केल्याशिवाय कुणाला जाऊ देऊ नका."

मी डबा आणला. पेढे जुने झाले होते, वरून कडक. मी फाटकापाशी जाऊन एकेकाच्या हातावर ठेवले. गाडी पोर्चमध्ये न घासता गेली म्हणून आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. लोकांनी अभिनंदन केलं, मी मान हलवली. नानासोंनी पेढा घेतला, पण तोंडात टाकला नाही, मुठीत धरून ठेवला. मनुबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या.

मी परत गाडीपाशी आलो. चारुलताने एक पेढा मागून घेतला. त्याचा कण तोडून जिभेवर ठेवला, बाकीचा माझ्यापुढे धरला.

"आता तुम्ही खा," ती म्हणाली. "आता तुमच्या वजनाने गाडी लागत नाही."

मी तिथेच, दाराला धरून, उभ्या उभ्या खाल्ला. कडक होता, चावायला वेळ लागला. तो संपेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे.